व्हिटॅमिन डी: ऊन किती, गोळी किती आणि रिपोर्टचा धसका किती?

सावलीमोज्या

पूर्वी चार माणसं जमली की 'साखर किती?' अशी चौकशी व्हायची, आता 'डी किती?' होते. उत्तर बहुतेकदा 'अगदीच कमी' असंच असतं. मग कुणी सकाळच्या उन्हात बसतं, कुणी आठवड्याची गोळी सुरू करतं, कुणी दोन्ही करून पुन्हा तपासतं आणि आकडा जेमतेम हलला म्हणून हिरमुसतं. आमच्या घरात हे सगळं एकदमच चालू झालं तेव्हा मी जरा वाचायला घेतलं. हाती लागलं ते मांडतो. जाणकारांनी भर घालावी, चुकत असेन तिथे कान धरावा.

आधी शरीरात काय घडतं ते. आपल्या त्वचेत कोलेस्टेरॉलचा एक भाऊबंद असतो, ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल. उन्हातले अतिनील बी किरण (साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरचे) त्यावर पडले की त्याचं प्री-व्हिटॅमिन होतं आणि अंगाच्या उबेने पुढच्या एक-दोन दिवसांत त्याचं डी३. ते रक्तातून यकृतात जातं, तिथे २५-हायड्रॉक्सी डी बनतं. लॅबवाले मोजतात ते हेच. शेवटची पायरी मूत्रपिंडात. तिथे त्याचं कॅल्सिट्रायॉल, म्हणजे डीचं प्रत्यक्ष कामाला लागणारं रूप, तयार होतं आणि मग आतडं अन्नातलं कॅल्शियम नीट शोषायला लागतं. ते कमी शोषलं गेलं तरी शरीर रक्तातलं कॅल्शियम सहजी खाली जाऊ देत नाही. पॅराथायरॉइड ग्रंथी जागी होते आणि हाडांतून उपसा सुरू होतो. म्हणून कॅल्शियमचा रिपोर्ट नॉर्मल आणि हाडं मात्र खंगलेली, असं होऊ शकतं.

आता ऊन. गाडी चुकते ती इथेच. 'कोवळ्या उन्हात बस, डी मिळेल' हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. पण सूर्य खाली असतो तेव्हा किरणांना वातावरणातून तिरका, लांबचा रस्ता कापावा लागतो आणि त्या वाटेत ओझोनचा थर बी किरण गिळून टाकतो. डोळ्यांना उजेड लख्ख दिसतो, अंगाला ऊबही लागते, पण डी बनवणारा भाग जवळजवळ पोचलेलाच नसतो. घड्याळ बघू नका, सावली बघा. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा डी बऱ्यापैकी बनतं. काचेच्या खिडकीआडून तर विसराच, काच बी किरण अडवते आणि कातडी रापवणारे ए किरण मात्र बरेचसे आत सोडते.

किती वेळ बसायचं याला एकच उत्तर नाही. त्वचेचा रंग, वय, अंगाचा किती भाग उघडा आहे, ढग, हवेतला धूर, सगळ्यांचा हिशोब धरावा लागतो. गोऱ्या कातडीला भर उन्हात काही मिनिटं पुरतात, गडद कातडीला त्याच्या कितीतरी पट लागतात. वय वाढतं तसा त्वचेतला तो कच्चा मालच घटतो. आणि तासन्‌तास तापत बसण्यात अर्थ नाही, कारण एका मर्यादेनंतर प्री-व्हिटॅमिनचं ल्युमिस्टेरॉल, टॅकिस्टेरॉल असल्या बिनकामाच्या पदार्थांत रूपांतर व्हायला लागतं. उन्हाने डीचा अतिरेक होत नाही तो याचमुळे. कातडी मात्र भाजते आणि त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो, तेव्हा लालसर होण्याच्या बऱ्याच आधी सावलीत या. चेहऱ्याला टोपी घाला, हात-पाय उघडे ठेवा. चेहऱ्याचं क्षेत्रफळ ते केवढं!

गोळ्या आणि आकड्यांबद्दल माझ्यापेक्षा इतरांना जास्त कळतं, त्यांनी लिहावं.

पहाटपक्षी

अरे देवा. म्हणजे मी वर्षानुवर्षं पहाटे फेऱ्या मारतोय त्या फुकट?

सावलीमोज्या

फुकट कशाला काका! सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की झोपेचं चक्र ताळ्यावर राहतं, आणि चालणं ते चालणंच. फक्त डीच्या खात्यात ते जमा धरू नका.

उत्तरध्रुवी

सावलीच्या नियमाला माझ्याकडून जोड. १९८८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल आणि त्वचेचे नमुने उघड्या आकाशाखाली ठेवून वर्षभर पाहिलं. बॉस्टनला (४२ अंश उत्तर) नोव्हेंबर ते फेब्रुवारी डी बनतच नव्हतं. कॅनडातल्या एडमंटनला (५३.५ अंश) ऑक्टोबर ते मार्च. निरभ्र आकाश, बर्फावर चमचमतं ऊन, आणि डी शून्य! मी अशाच वरच्या अक्षांशावर राहते आणि माझी त्वचा सावळी आहे, म्हणजे दोन्हीकडून मार. इथल्या गोऱ्या शेजारणीला उन्हाळ्यातली साठवण थोडे महिने तरी पुरते, माझी उन्हाळ्यातच धड होत नाही. ब्रिटनने २०१६ पासून सरसकट सगळ्यांना शरद आणि हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम (म्हणजे ४०० युनिट) घ्यायला सांगितलंय ते उगीच नाही. माझ्यासारख्यांना तर वर्षभर घ्या म्हणतात.

फिनलंडचं उदाहरणही वाचण्यासारखं आहे. त्यांनी २००३ पासून दुधात आणि ब्रेडवर लावायच्या स्प्रेडमध्ये डी मिसळायला सुरुवात केली, २०१० ला प्रमाण वाढवलं. गोळीची आठवण नाही, तपासणी नाही, आणि लोकांच्या रक्तातली सरासरी पातळी वर आली. मला विचाराल तर सगळ्यात शहाणा मार्ग तोच.

शंकासुर

मला हा सगळाच बाजार वाटतो. आधी 'नॉर्मल'ची रेघ वर सरकवायची, मग अर्धं जग त्या रेघेखाली आहे म्हणून बोंब ठोकायची, मग टेस्ट विकायच्या आणि गोळ्या विकायच्या. केस गळतात? डी. थकवा? डी. मन लागत नाही? डी. अमेरिकेत व्हायटल नावाची मोठी चाचणी झाली, २५,८७१ माणसं, रोज २,००० युनिट, पाच वर्षांवर. २०१९ ला छापून आली. कर्करोग कमी झाला नाही, हृदयविकार कमी झाला नाही. २०२२ ला त्याच चाचणीतून आलं की हाडं मोडण्याचं प्रमाणही कमी झालं नाही. ऑस्ट्रेलियात साठीपुढच्या २१ हजारांवर लोकांना महिन्याला ६०,००० युनिट देऊन पाहिलं, मृत्यूंत फरक नाही. आता बोला.

हाडाचा_डॉक्टर

बोलतो. शंकासुर, तुमचे आकडे बरोबर आहेत, त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष अर्धाच बरोबर आहे. व्हायटलमध्ये भाग घेतलेल्यांची सरासरी पातळी सुरुवातीलाच मिलिलिटरमागे ३० नॅनोग्रॅमच्या आसपास होती. भरल्या घागरीत आणखी पाणी ओतलं तर ते सांडणारच. त्या चाचणीने एवढं सिद्ध केलं की ज्याच्याकडे पुरेसं आहे त्याने वरून आणखी घेऊन फायदा नाही. ज्याच्याकडे नाहीच, त्याच्याबद्दल ती फारसं बोलत नाही.

खरी कमतरता कशी दिसते ते सांगतो, कारण 'थकवा, केस' यांच्या गदारोळात ती हरवते. एक बाई आल्या. कंबर आणि मांड्या दुखतात म्हणून दोन-तीन ठिकाणी दाखवून झालं होतं, कुणी सायटिका म्हटलं, कुणी वय. मी खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठायला सांगितलं, उठता येईना. जिना चढताना कठडा ओढत चढावं लागतं म्हणाल्या. नडगीच्या हाडावर अंगठ्याने जरा दाबलं तर कळवळल्या. चालणं बदकासारखं डुलतं. रक्तात अल्कलाइन फॉस्फेटेज चढलेलं, फॉस्फरस खाली, पॅराथायरॉइड हार्मोन वर, डी एक आकडी. याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात. हाडाचा सांगाडा बनतो पण त्यात चुना भरला जात नाही, हाड मऊ राहतं. हेच वाढत्या वयाच्या मुलांत झालं की मुडदूस. उपचार सुरू केल्यावर काही महिन्यांत बाई कठडा न धरता जिना चढल्या. अशा पेशंटला 'हा सगळा बाजार आहे' असं सांगून घरी पाठवलं तर तो गुन्हा ठरेल.

आता रेघेबद्दल. तिथे मी तुमच्याच बाजूचा आहे. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१० मध्ये सांगितलं की २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर जवळजवळ सगळ्यांना पुरतं आणि खरा धोका १२ च्या खाली. लगेच २०११ मध्ये एंडोक्राइन सोसायटीने (हार्मोनतज्ज्ञांची संघटना) ३० च्या खाली 'अपुरं' ठरवलं. झालं, जगभरच्या रिपोर्टांवर ३० ची रेघ छापली गेली आणि २२, २५ आकडेवाले धडधाकट लोक आजारी ठरले. त्याच सोसायटीने २०२४ च्या नव्या मार्गदर्शिकेत ३० चा आग्रह सोडला आणि निरोगी माणसांची सरसकट डी तपासणी करू नका असंही सांगितलं. पण कितीतरी लॅबच्या कागदावरची रेघ अजून तिथेच आहे.

म्हणून रिपोर्ट हातात आला की आधी माणूस बघावा. २४ आकडा असलेला, जिना धावत चढणारा तरुण आणि १४ आकडा असलेली सत्तरीतली, वारंवार तोल जाणारी आजी, या दोघांना एकच गोळी लिहून देणं हा आळस आहे.

शंकासुर

रेघेबद्दल सहमती मिळाली, एवढ्यावर आज समाधान मानतो. बाईंची केस वाचली. तो मुद्दा मान्य.

काचनळी

मी लॅबमध्ये काम करते, तेव्हा आमच्या बाजूने चार गोष्टी.

चिठ्ठीवर '२५-हायड्रॉक्सी' लिहिलंय ना ते बघा. काही जण '१,२५-डायहायड्रॉक्सी' (म्हणजे वर आलेलं कॅल्सिट्रायॉल) करून येतात, ती महाग आणि नावाने जास्त भारी वाटते. पण कमतरता असताना पॅराथायरॉइडच्या रेट्याने ती नॉर्मल, कधी चढलेलीही दिसते. ती वेगळ्या आजारांसाठी आहे.

एकक बघा. काही देशांत मिलिलिटरमागे नॅनोग्रॅम, काही देशांत लिटरमागे नॅनोमोल. नॅनोग्रॅमला २.५ ने गुणलं की नॅनोमोल. '५०' वाचून एकाला वाटतं भरपूर आहे, पण नॅनोमोलमध्ये ५० म्हणजे फक्त २० नॅनोग्रॅम.

केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसाच्या गोळ्या घेत असाल तर रक्त द्यायच्या आधी सांगा. काही यंत्रांच्या पद्धतीत बायोटिन लुडबुड करतं आणि डी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतं.

आणि गोळी सुरू करून तीन आठवड्यांत पुन्हा तपासायला येऊ नका हो. २५-हायड्रॉक्सीचा अर्धायुष्यकाळच दोन-तीन आठवड्यांचा आहे, पातळी स्थिरावायला तीनेक महिने लागतात. शिवाय दोन लॅबच्या पद्धती वेगळ्या असतील तर एकाच माणसाच्या आकड्यात फरक पडतो. १९ चे २१ झाले म्हणून पेढे नकोत आणि २१ चे १९ झाले म्हणून रडू नको.

दोनमतांत_अडकलेला

माझ्या बायकोचा आकडा १७ आलाय. एका डॉक्टरांनी आठवड्याला ६०,००० ची गोळी आठ आठवडे दिली. दुसरे म्हणाले रोज १,००० घ्या, पुरेल. हा फरक पाहूनच भोवळ आली. ६० हजार म्हणजे विष नाही ना?

गोळीबार

औषधांच्या काउंटरमागे आयुष्य गेलं, आता निवृत्त. तुमच्या भोवळीवर उतारा देतो.

४० युनिट म्हणजे १ मायक्रोग्रॅम. ६०,००० युनिट ऐकायला भयंकर वाटतं, वजनात दीड मिलिग्रॅम. आठवड्यावर वाटलं तर रोजचे साधारण ८,५०० होतात. थोड्या आठवड्यांसाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली ते चालतं. आठवड्याला ५०,००० असे आठ आठवडे, ही पद्धत पुस्तकातलीच आहे. रोजच्या १,००० नेही १७ चा आकडा वर येईल, जरा सावकाश येईल इतकंच. ढोबळ अंदाज असा की रोजच्या १०० युनिटमागे पातळी साधारण एका नॅनोग्रॅमने चढते, माणसागणिक फरक असतो. तेव्हा दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी ठीक आहेत. वहिनींना हाडं दुखणं, स्नायूंत अशक्तपणा असलं काही नसेल तर माझा कल रोजच्या छोट्या डोसाकडे. तो विसरला तरी बिघडत नाही आणि चुकून दोनदा घेतला तरी बिघडत नाही.

मोठ्या डोसाची गंमत वेगळी आहे. तो दोन ठिकाणी फसतो. कोर्स संपतो, पण गोळी थांबत नाही. 'बरं वाटतंय, चालू ठेवतो' म्हणून चिठ्ठी न दाखवता माणूस वर्षभर नेत राहतो. आणि दुसरं, त्याहून वाईट: आठवड्याची गोळी रोज घेतली जाते. बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या, त्याच डब्यात ही पडते, हात आपोआप जातो. मी पाकिटावर पेनने मोठ्या अक्षरात 'फक्त रविवार' लिहून द्यायचो, तेही समोरच्याकडून मोठ्याने वाचून घेऊन. तरी एक गृहस्थ रोज घेत राहिले. सारखी तहान, रात्री लघवीला चार-चार वेळा, बद्धकोष्ठ, मळमळ, मग बोलण्यात गोंधळ. घरच्यांना वाटलं वयाचं आहे. रक्तातलं कॅल्शियम तपासलं तेव्हा उलगडा झाला. डी चरबीत साठतं, त्यामुळे गोळी बंद केली तरी परिणाम आठवडे, कधी महिने रेंगाळतो. मूत्रपिंडाला धोका तो निराळाच.

वर्षातून एकदाच भला मोठा डोस द्यावा, कटकट मिटली, असंही करून पाहिलंय लोकांनी. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षाला एकदम ५,००,००० युनिट दिले. २०१० ला निकाल आला: ज्यांना औषध दिलं त्याच जास्त पडल्या आणि त्यांचीच हाडं जास्त मोडली.

हाडाचा_डॉक्टर

गोळीबारांना अनुमोदन. निरोगी प्रौढांना सत्तरीपर्यंत रोज ६०० युनिट आणि पुढे ८०० ही २०१० ची शिफारस, अन्न-गोळी मिळून, ऊन जवळजवळ मिळतच नाही असं धरून. स्वतःच्या मनाने घ्यायची वरची मर्यादा ४,०००. पण ही मोजपट्टी काही जणांना लागू नाही. वजन फार असेल तर डी चरबीत विखुरतं आणि त्याच डोसाला पातळी कमी चढते, अशांना दुप्पट-तिप्पट लागतं. आतड्याचे आजार, पोटाची बायपास शस्त्रक्रिया, फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिनसारखी फिट्सची औषधं, रिफॅम्पिसिन, लांबलेली स्टेरॉइडं असतील तर हिशोब डॉक्टरांशी बसूनच करा.

उलट बाजूही आहे. सारकॉइडोसिस, क्षयरोग, काही लिम्फोमा यांत शरीरातल्या पेशी मूत्रपिंडाला न विचारता स्वतःच कॅल्सिट्रायॉल बनवतात. अशांना साधा डोसही कॅल्शियम चढवू शकतो. मुतखड्याचा किंवा पॅराथायरॉइडचा त्रास असेल तरी आधी विचारा. आणि दुकानातून 'डीचीच पण जास्त स्ट्राँग' म्हणून कॅल्सिट्रायॉलच्या कॅप्सूल आणू नका. ते तयार हार्मोन आहे, मूत्रपिंडाच्या रुग्णांना वगैरे मोजून देतात, आणि त्याने रक्ताच्या रिपोर्टमधला आकडा वाढतही नाही.

पहाटपक्षी

मी शुद्ध शाकाहारी. डी३ मेंढीपासून करतात म्हणे?

गोळीबार

मेंढी कापून नाही काका, तिच्या लोकरीतल्या मेणचट पदार्थातून, लॅनोलिन म्हणतात त्याला, त्यावर अतिनील किरण पाडून. तेही नको असेल तर दगडफुलाच्या जातीच्या लायकेनपासून काढलेलं डी३ मिळतं, किंवा यीस्टपासूनचं डी२. डी२ पातळी जरा कमी टिकवतं, पण रोज घेतलं तर काम भागतं. अन्नातून म्हणाल तर तेलकट मासे सोडले की हात आखडताच आहे. अंड्याच्या बलकात थोडं, मुद्दाम मिसळलेल्या दुधात थोडं. अळिंबीची छत्रीखालची, पापुद्र्यांची बाजू वर करून उन्हात ठेवली तर तिच्यात मात्र चांगलं डी२ बनतं, अगदी आपल्या कातडीसारखं. गोळी कुठलीही घ्या, थोडं तूप-तेल असलेल्या जेवणासोबत घ्या. रिकाम्या पोटी कमी शोषली जाते.

सावलीमोज्या

अवांतर, पण राहवत नाही म्हणून. १८२२ मध्ये पोलंडच्या डॉक्टर श्नियाडेत्स्कींनी लिहून ठेवलं होतं की वॉर्सा शहरातल्या मुलांना मुडदूस होतो आणि खेड्यातल्यांना क्वचित, फरक उन्हाचा. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. पुढे १९१९ मध्ये इंग्लंडात मेलनबी कुत्र्यांच्या पिल्लांवर प्रयोग करून म्हणाले, आजार आहाराचा, कॉड माशाच्या तेलाने बरा होतो. त्याच वर्षी बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्कींनी मुडदूस झालेल्या मुलांवर अतिनील दिवा धरून ती बरी केली. गंमत म्हणजे दिवा एका हातावर धरला तरी दोन्ही हातांची हाडं भरून आली. म्हणजे कातडीत काहीतरी बनून रक्तातून सगळीकडे फिरत होतं! एकाच आजाराला तेलही लागू आणि दिवाही लागू, हे कोडं सुटायला आणखी काही वर्षं गेली. १९२८ ला जर्मन रसायनशास्त्रज्ञ विंडाउस यांना स्टेरॉल (कोलेस्टेरॉलच्या कुळातले पदार्थ) आणि व्हिटॅमिनांच्या नात्यावरच्या कामाबद्दल नोबेल मिळालं.

दोनमतांत_अडकलेला

वाचनखूण साठवली. बायकोने रोजची गोळी निवडली आहे. उन्हात बसून आंघोळ केली की डी धुऊन जातं असं सासूबाई म्हणतात, तेवढं सांगा म्हणजे घरात शांतता नांदेल.

काचनळी

नाही धुतलं जात. ते बाह्यत्वचेच्या आतल्या, जिवंत थरांत बनतं, साबण पोचतो तो वरच्या मेलेल्या थरापर्यंत. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

नवी_आई

उशिरा येतेय, पण एक प्रश्न. बाळ पूर्ण अंगावर पितं. आईच्या दुधात सगळं असतं म्हणतात, मग थेंब कशाला? आणि बाटलीसोबत आलेला ड्रॉपर भरून द्यायचा का?

हाडाचा_डॉक्टर

आईच्या दुधात डी मात्र अगदी कमी असतं, आणि इतक्या लहान बाळाला थेट उन्हात ठेवणं बरं नाही. म्हणून जन्मानंतर लवकरच रोज ४०० युनिट सुरू करून वर्षभर देतात. आईची स्वतःची पातळी खालावलेली असेल तर तिचाही उपचार करावा. ड्रॉपरचं गोळीबार सांगतील, तो त्यांचा प्रांत.

गोळीबार

ताई, ड्रॉपर भरण्याआधी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. काही बाटल्यांत ४०० युनिट 'प्रति मिली' असतात, काहींत ८००, आणि काहींत ४०० युनिट 'प्रति थेंब'. एका मिलीत साधारण २० ते ३० थेंब मावतात. म्हणजे थेंबवाल्या बाटलीतून मिलीभर दिलं तर बाळाच्या पोटात एकदम दहा हजारांच्या आसपास जातील. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये याच घोटाळ्याबद्दल आईबापांना सावध केलं होतं. जुन्या बाटलीचा ड्रॉपर नव्या बाटलीला वापरू नका, खुणा वेगळ्या असतात. बाटली बदलली की पुन्हा वाचा, दुकानदाराने 'तेच आहे' म्हटलं तरी. थेंबवाली असेल तर एक थेंब स्वच्छ बोटावर किंवा स्तनाग्रावर टाकून बाळाला चोखू द्या, चमचा लागतच नाही. आणि बाळाला डॉक्टरांनी मल्टिव्हिटॅमिन ड्रॉप्सही दिले असतील तर त्यातही डी असतं, ते धरून बेरीज करा.